दाजी आणि १७५ घोडे

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनला जरा बरा भाव लागला की दसरा-दिवाळीच्या सुमाराला औसा रोडवर आणि अंबाजोगाई रोडवर काळ्या, उंच गाड्या वाढतात. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली फुटलेल्या लिंबाची साल, आणि स्टिअरिंगमागे पांढऱ्या शर्टातला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस. नांदेड-लातूरकडच्या निम्म्या घरांमध्ये हा माणूस कुणाचा ना कुणाचा दाजी असतो. आमच्याकडेही आहे. मी नांदेडचा, बहीण लातूरला दिलेली. म्हणून लिहायला आमचेच दाजी घेतो. तुमच्या दाजींनी मनावर घेऊ नये.

दाजींची आडत आहे, शेती आहे, आणि सध्या स्कॉर्पिओ-एन आहे. डिझेल, मॅन्युअल. फॉर्च्युनर त्यांनी विचारपूर्वक टाळली. ती सभापती झाल्यावर घ्यायची गाडी, असा त्यांचा हिशोब. माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना माणूस दात बघतो, पाय बघतो, चार पावलं चालवून बघतो. दाजींनी १७५ घोड्यांची गाडी घेताना सनरूफ उघडतं का तेवढं बघितलं.

शोरूममधल्या पोरानं नम्रपणे सुचवलं होतं, "सर, ऑटोमॅटिक बघता का? गावात आरामशीर पडते." दाजींचा चेहरा असा झाला की पोरानं लगेच पाणी मागवलं. ऑटोमॅटिक डॉक्टर लोकांनी घ्यावी. लातुरात त्यांना तोटा नाही. ज्याला गिअर टाकायचा नाही त्यानं गाडी घ्यावीच कशाला? ताईनं घरी आल्यावर एकदाच विचारलं, "अहो, ती आपोआपवाली कामून नाही घेतली?" त्यावर दाजी "तुला काय कळतंय त्यातलं" एवढंच म्हणाले.

यातली गंमत कागदावर छापलेली आहे. याच इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकाला पिळणारा जोर, मॅन्युअलमध्ये ३७० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ४००. कंपनीनं स्वतःच मॅन्युअलला तीस कमी दिलेत. मी हे दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, डावी मांडी थोपटली आणि म्हणाले, "ती तीस हितं हायत."

दाजींना चारचाकी नवी नाही. तरुणपणी शेतावर ट्रॅक्टर, मग जीप, मग बरीच वर्षं मारुती ८००. "ट्रॅक्टर हाकलेला माणूस हाय मी, मला काय क्लच शिकवू लालाव?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण घोटाळ्याचं मूळच ट्रॅक्टरमध्ये आहे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरचं पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की मागचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा दांडाही थांबतो. तिथं बूट घालून दणकून दाबायचं आणि सोडायचं. झटका बसला तर ढेकळं तक्रार करत नाहीत. पुढं मारुतीनं लाड केले. तिचा टॉर्क साठच्या आसपास, क्लच केबलचा आणि हलका. चपलेच्या टोकानंही दबायचा. दणका आणि लाड या दोन्ही सवयी घेऊन दाजी ३७०वर येऊन बसले.

आता क्लचचं काम म्हटलं तर साधं आहे. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. दाबून धरते एक तबकडीसारखी स्प्रिंग. इंजिनाचा जोर जितका जास्त, तितकी प्लेट घसरायला बघते, म्हणून तितकी स्प्रिंग कडक. आपण पेडल दाबतो तेव्हा भांडण त्या स्प्रिंगशी असतं. हायड्रॉलिकमुळं बरंचसं ओझं कमी होतं. उरलेलं गुडघ्याला कळतं. आणि पेडल वर येताना मध्येच एक जागा असते, जिथं प्लेट पकड घ्यायला लागते. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, गाडी हलते. त्या जागेवर पाय क्षणभर थांबला पाहिजे. डिझेलला खालीच एवढा जोर असतो की सपाट रस्त्यावर रेस न देताही गाडी सरकू लागते. एवढंच शिकायचं असतं. दाजींचा पाय त्या जागेवरून जातो, थांबत मात्र नाही.

त्यामुळं पहिले काही आठवडे गाडी दोनच प्रकारे निघायची: एक तर हरणागत उडी मारून, नाहीतर बंद पडून. बंद पडली की दाजी डिझेलला दोष देत. पेडल पूर्ण न दाबता बटण दाबलं की गाडी सुरूच व्हायची नाही, तेव्हा बॅटरीला. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात; तिथं संध्याकाळी बंद पडलेल्या गाडीला सोळा दिशांनी सल्ले मिळतात, हे दाजींमुळं आमच्या घराला ठाऊक झालं. फळवाला म्हणाला, "पहिला टाका, मालक." दाजी कधी पहिला टाकत नाहीत. एवढी घोडी जुंपलेली असताना पहिला टाकणं त्यांना अपमानाचं वाटतं. ते दुसऱ्यावर उचलतात.

नंतर त्यांनी उपाय शोधला: हाफ क्लच. पाय पेडलवरून काढायचाच नाही. सिग्नलला अर्धा दाबून उभं राहायचं, ट्यूशनच्या भागात पोरं सुटायच्या वेळी अर्धा दाबून सरकायचं, हायवेवरही पाय तिथंच विसावलेला. डावीकडं पाय ठेवायला कंपनीनं चांगली पट्टी दिली आहे. तिच्यावर दाजी पाण्याची बाटली ठेवतात.

दिवाळीला नांदेडला आले तेव्हा चाकूर, अहमदपूर, लोहा असा सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांमागून काढलेला. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ओव्हरटेक करायला इंजिनात हवा तेवढा जोर, पण दाजींचा पाय अर्ध्यावर. अहमदपूरच्या पुढं गाडीत जळका वास भरला. दाजींनी काच वर केली आणि म्हणाले, "कारखान्याची मळी. सीझन हाय." लोह्यात पुन्हा वास आला. तिथं कुणीतरी टायर जाळत असावं, असं ठरलं. ताईनं नाकाला पदर लावला आणि वजिराबाद येईपर्यंत सोडला नाही.

नांदेडच्या उड्डाणपुलाच्या चढावर मात्र दाजी राजासारखे वागतात. गाडी मागं सरकत नाही, याचं त्यांना फार कौतुक. "बगा, हातात गाडी बसली का असं हुतंय." खरं तर त्या गाडीत हिल होल्ड आहे, ब्रेकवरून पाय काढला तरी ती दोन-तीन सेकंद चढावर स्वतः थांबून राहते. मी सांगितलं नाही. सासरी आलेल्या माणसाचं काय आणि किती काढायचं याला मर्यादा असते.

गुडघ्याचं मात्र सगळ्यांना दिसू लागलं. जेवणाच्या पंगतीत दाजी डावा पाय पसरून बसू लागले. "वातानं धरलंय," म्हणाले. आईनं निर्गुडीचं तेल दिलं. क्लचचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर ऑटोमॅटिकचं निघालं असतं, आणि मग ताईच्या त्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं.

शेवटी गाडीनंच बोलून दाखवलं. रेस दिली की आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. दाजी लातूरच्या जुन्या मिस्त्रीकडं गेले. त्यानं एक चक्कर मारली, परत आला आणि म्हणाला, "प्लेट गयी, सेठ." दाजी म्हणाले, "नवी गाडी हाय बाबा." मिस्त्री म्हणाला, "गाडी नवीच है. पाव पुराना है."

नीट पाय असलेल्या माणसाकडं क्लचप्लेट लाखभर किलोमीटर सहज जाते. दाजींची वर्षभरात गेली. पण त्यांनी हे ज्या पद्धतीनं बाजारात सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं: गाडीत जोरच इतका की प्लेट टिकेना! दोघांनी ते ऐकून तीच गाडी बुक केली. मॅन्युअल.

मिस्त्रीनं नवी प्लेट टाकून दिली आणि जाताना एकच सांगितलं, "क्लच दबाव, या छोडो. उप्पर पाव रखके बैठो नक्को." दाजींनी पैसे दिले, मान डोलावली आणि पाय पेडलवर ठेवूनच गाडी बाहेर काढली. दुसऱ्यावर.

तेव्हा लातूर-नांदेड रस्त्यानं जाताना एखाद्या पुलाच्या चढावर एमएच २४ची काळी, उंच गाडी पुढं उभी दिसली, तर एका गाडीचं अंतर सोडून थांबा. हॉर्न मात्र वाजवू नका. हॉर्न ऐकला की दाजी घाईनं क्लच सोडतात.