खुळ्यांच्या बाजूने

धरणगावात शहाण्या माणसांची वाण नाही. कापूस कधी घरात ठेवायचा आणि कधी विकायचा, हे त्यांना नेमकं कळतं. शाळेत न टिकणाऱ्या पोराचाही हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. परिपाठाचा कर्णा लागला की कान दाबून पळतो, बाकावर बसत नाही, नऊ वर्षांचा झाला तरी बोलत नाही. मग शिकवायचं कशाला? घरी ठेवा, दोन वेळ जेवू घाला. हा हिशेब न मानणाऱ्या खुळ्यांची मला इथे स्तुती करायची आहे, आणि ती अगदी मनापासून.

पहिला मान अशा पोराच्या आईचा. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि ही बाई भर दुपारी पंखा बंद करून मुलाला शिकवायला बसते. पंख्याची करकर त्याला सोसत नाही, तो डोकं भिंतीवर आपटू लागतो. भिंतीवर तिने तीन चित्रं चिकटवली आहेत: आंघोळ, जेवण, अभ्यास. पुढे काय होणार हे दिसलं की तो शांत राहतो. समोर दोन वाट्या. एकीत तुरी, एकीत मूग. तो दाणे वेगळे करतो, मग ती एकेक दाणा त्याच्या तळहातावर ठेवत मोजते. शेजारीण दारातून म्हणते, ‘तुले येड लागनं का व माय?’ लागलं असेल. पण तीन दाणे मागितले की तो आता तीनच देतो.

दुसरा मान समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकाचा. अशांची बरीच वर्षं कंत्राटावरच गेली. एका मुलासाठी हा माणूस दुचाकीवरून गाव गाठतो. तेवढ्या वेळात चाळीस पोरांचा वर्ग झाला असता, असं शहाणे म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२१ साली विशेष गरजांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. म्हणजे न्यायालयाचा हिशेबही चाळिसाचा नाही.

या खुळाला आपल्याकडे घराणं आहे. शेजारच्या अमळनेरात साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांचे कपडे धूत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल येत नाही, याचा दोष त्यांनी मुलाच्या माथी मारला नाही. आज गावोगाव अंगणवाडी आहे आणि तिला कोणी खूळ म्हणत नाही.

कायदाही या खुळ्यांच्या बाजूला आलेला आहे. शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मला राग येतो तो या पर्यायाचा उलटा अर्थ लावणाऱ्यांचा. घरी शिकणं ही मुलाने निवडायची गोष्ट आहे. शाळेने दार लावून घ्यायची सवलत नव्हे. ‘कायद्यातच आहे, घरी शिकवा’ असं आईला सांगायचं, पटावर नाव ठेवायचं आणि वर्षभर त्या घराकडे फिरकायचं नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलालाही पुस्तकं हवीत, ठरलेल्या वारी येणारा शिक्षक हवा, आणि त्याला झेपेल तेव्हा शाळेत जागा हवी.

अशा आईला तेवढंच मागायचं असतं. परिपाठ आटोपून कर्णा बंद झाला की आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, मुलाला शाळेच्या ओसरीवर बसू द्यावं. सोबत ती थांबेल. अर्ज विशेष शिक्षक लिहून देतो. जून लागला की मुख्याध्यापकांच्या टेबलावर तो ठेवायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.