सेशनघटिकानिर्णय

विषयप्रवेश. 'युअर सेशन हॅज एक्स्पायर्ड' या सूचनेवर लोक कपाळाला हात लावतात, भाष्य कोणी लिहीत नाही. ती उणीव येथे दूर केली आहे.

निदान. वेब सर्व्हर जन्माचा विसराळू. प्रत्येक पानागणिक विचारतो, 'आपण कोण?' म्हणून १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँतुली यांनी कुकी काढली. कुकी म्हणजे बिल्ला. बिल्ला दाखवला की सर्व्हर ओळख देतो. या ओळखीचे नाव सेशन.

कालनिर्णय. पीएचपी या संगणकभाषेत सेशनचे आयुष्य, कोणी हात लावला नसेल तर, १४४० सेकंद. म्हणजे २४ मिनिटे. म्हणजे बरोबर एक घटका! मुहूर्ताला पाण्यात सोडलेले घटिकापात्र बुडायला लागतो तेवढाच वेळ. पीएचपीकारांनी पंचांग पाहिले होते काय? पुरावा नाही. परंतु पुराव्यावाचून सिद्धांत अडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शंका. घटका भरूनही काही सेशने जिवंत सापडतात, ती कशी? समाधान. मुदत संपलेल्या सेशनांचा केर काढणारा मूळ मांडणीत, सेशन उघडण्याच्या शंभर वेळांत सरासरी एकदाच येतो. माणसाने केले तर यास आळस म्हणतात, यंत्राने केले तर संभाव्यता.

पूर्वपक्ष. फॉर्म चुकला की सूचना सेशनमध्ये ठेवायची, पुढच्या पानावर एकदा दाखवायची आणि पुसायची, अशी रीत आहे. तिला फ्लॅश मेसेज म्हणतात. मग सेशनच संपल्याची सूचना कुठे ठेवणार? किल्ली हरवल्याची चिठ्ठी त्याच कपाटात? उत्तरपक्ष. नवे सेशन उघडावे आणि जुने गेल्याची बातमी त्यात ठेवावी. वारसाचे पहिले काम सुतक पाळणे.

अपवाद. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही पीएचपीची सूचना मात्र सत्यवचनी. फाइलचे नाव सांगते, ओळीचा क्रमांक सांगते. आम्ही त्या ओळीवर गेलो. तिथे काहीच नव्हते. तासाभराने उमगले, ते 'काहीच नाही' हाच गुन्हेगार. कोडच्या आधी सुटलेली रिकामी ओळ ब्राउझरकडे पुढे निघून गेली होती, आणि मजकूर निघाल्यावर कुकी मागून धाडता येत नाही. वरात गेल्यावर अक्षता वाटण्यात अर्थ नसतो.

फलश्रुती. जो हे प्रकरण घटकेच्या आत लिहून 'सबमिट' दाबेल, त्यास पुनर्लेखन नाही. आम्हांस एक घटका आणि तीन पळे लागली. पहिला मसुदा याहून बरा होता.