संसार सोडावा कसा : सोलापूर शहर व जिल्ह्यातील होतकरूंसाठी

वैराग्यासाठी हिमालयात जायचे दिवस गेले. तिकडं थंडी फार, आणि ओळखीचं कुणी नसल्यामुळं आपण विरक्त झालोय हे बघायलाही कुणी नाही. सोलापूरकराला तर त्याची गरजच नाही. पंचाग्निसाधन करायचं म्हटलं, तर इतरांना चार बाजूंना चार कुंडं पेटवून वर पाचवा सूर्य घ्यावा लागतो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी अडीच वाजता सात रस्त्याला स्कूटर बंद पडली तरी साधना पूर्ण होते. जिल्ह्यात पंढरपूर आहे, मंगळवेढा आहे, अक्कलकोट आहे, शहराच्या मधोमध तळ्यात सिद्धेश्वर आहे. एवढं सगळं हाताशी असून तुम्ही अजून संसारात रुतलेले असाल, तर दोष प्रारब्धाचा नाही, मार्गदर्शनाचा आहे. ती उणीव खाली भरून काढत आहोत.

पात्रता : वय ५८ पूर्ण. निवृत्तिवेतन सुरू. जुळे सोलापुरातल्या घराचे हप्ते फिटलेले. मुलं पुण्यात. या चार अटी पुऱ्या झाल्याशिवाय कृपया संसार असार मानू नये, महागात पडतं. गीता सांगते, कर्म करत राहा आणि फळावरचा हक्क सोडा. नवशिक्याला हे एकदम जमत नाही, म्हणून आम्ही अनुभवान्ती क्रम उलटा केला आहे : आधी कर्म सोडा. फळ दर महिन्याला खात्यात जमा होतंच.

१. ग्रंथ घ्या, पण जपून उघडा

गीता चांगली. श्लोक ७००, अध्याय १८, आणि घरात बहुधा असतेच. कुणाच्या तरी मुंजीत किंवा सेवानिवृत्ती समारंभात शालीबरोबर आलेली. ज्ञानेश्वरी घेणार असाल तर तिच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत, तेव्हा चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. १२९० साली नेवाशाला ज्यांनी ती सांगितली त्यांचं वय तेव्हा विशीच्याही आत होतं, हे मनातून काढून टाका. आपण उशीर केलाय असं वाटत राहतं आणि पारायणात लक्ष लागत नाही.

आता एक धोक्याची सूचना, जी इतर मार्गदर्शक देत नाहीत. गीतेत संन्यास घ्यायला निघालेला माणूस म्हणजे अर्जुन. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं. तयारी पूर्ण होती, धनुष्यही खाली ठेवून झालं होतं. पुढचं अख्खं पुस्तक त्याला उठवून कामाला लावण्यासाठी आहे. तेव्हा कुणी कितीही आग्रह केला तरी सगळी गीता सलग आणि अर्थासकट वाचू नका. विरक्ती घ्यायला बसाल आणि उठून भाजी आणायला जाल.

तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकावरून तर डोळे मिटूनच पुढं सरका. हातपाय आवरून बसलेल्या आणि मनात मात्र विषय घोळवणाऱ्या माणसाला तिथं ढोंगी म्हटलं आहे. एवढं वैयक्तिक बोलायची काही गरज नव्हती. अठराव्यात त्यागाचे तीन प्रकार दिलेत. अंगाला त्रास नको म्हणून काम टाकणं हा राजस त्याग, आणि त्याचं फळ मिळत नाही असा स्पष्ट निकाल आहे. ही पानं स्टेपल करून टाकलीत तरी चालेल.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे गीतेचं सार सांगणारा तो लॅमिनेट केलेला तक्ता. झालं ते बरं झालं, तुझं काय गेलं म्हणून रडतोस, अशा अर्थाचा. सलूनमध्ये असतो, पतसंस्थेत असतो, दंतवैद्याच्या खुर्चीसमोर असतो. सातशे श्लोकांत तो मजकूर कुठंही नाही. त्यामुळंच तो अत्यंत सुरक्षित आहे.

२. गुरू निवडा

एकनाथी भागवत मिळवा. एकादश स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी देतो : पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, कबूतर, अशी. दक्षिणा मागणारा एकही नाही, ही मोठी सोय. होतकरूंनी सरळ अजगर निवडावा. जागचा हलत नाही, समोर आलेलं खातो, नाही आलं तर पडून राहतो. यातला शेवटचा भाग जमायला अवघड, पण घरात सुगरण असेल तर त्याची वेळ येत नाही.

३. साहित्य आणा

रिकाम्या हातानं सर्वसंगपरित्याग करता येत नाही. लोकरीचं आसन, त्यावर घडी घालून चादर, ती अर्थात सोलापुरी, कारण भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूवर बसून केलेल्या जपाला वजन असतं. पंढरपूरहून तुळशीची माळ. बोटात घालायचा जप मोजणारा यंत्र-काउंटर. पांढरे झब्बे सहा, चाटी गल्लीतून. पांढरा लवकर मळतो म्हणून सहा. पोथीसाठी घडीचा लाकडी स्टँड. उदबत्ती चांगल्यातली. बिलं जपून ठेवा, रंग गेला तर बदलून मिळतं.

४. काहीतरी सोडा

हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे, म्हणून इथं सावकाश जाऊ.

काशीला गेलं की आवडती वस्तू सोडून यायची, ही जुनी रीत. आपल्या वाडवडलांनी तिचा बारकाईनं अभ्यास करून कारलं सोडलं. काहींनी दुधी सोडला, काहींनी पडवळ. परत आल्यावर ते आयुष्यभर पंगतीत ताटावर आडवा हात धरून सांगत, ‘नको हो, काशीला सोडलंय.’ न आवडणारी भाजी चुकली, पुण्य लागलं, शिवाय काशीयात्रेची जाहिरात फुकट. यात सुधारणा करायला आजही जागा नाही. आधुनिक साधकानं एवढंच करावं की यादी थोडी अद्ययावत ठेवावी : ओट्सचा उपमा, ग्रीन टी, मुलानं वाढदिवसाला दिलेलं जिमचं सदस्यत्व.

काशी लांब वाटत असेल तर चातुर्मास घ्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. पण सोडण्याआधी दोन दिवस, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी येते हे विसरू नका. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पीठपेरणी, भरली वांगी, इतकं खावं की पुढचे आठ दिवस कांद्याचं नाव काढलं तरी कसंसं व्हावं. शास्त्रकारांनी मानवी स्वभाव ओळखूनच हा दिवस नेमला असणार. वैराग्याची सुरुवात अजीर्णानं करणारा दुसरा समाज आमच्या पाहण्यात नाही.

इथं सोलापूरच्या उमेदवारांना एक खास अडचण येते. लसूण सोडला की शेंगा चटणी जाते. आणि शेंगा चटणी, कडक भाकरी आणि वर दही हे सोडून मोक्ष मिळणार असेल, तर तिथं गेल्यावर जेवायला काय, हा प्रश्न रास्त आहे. आमचा सल्ला असा, की चातुर्मास धरा, पण चटणी मसाल्यात मोडते, लसणात नाही, असं एखाद्या जाणत्या माणसाकडून वदवून घ्या. असा जाणता प्रत्येक पेठेत असतो. नसेल तर तुम्हीच व्हा.

एकादशीबद्दल वेगळं सांगायला नको. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, धर्मशास्त्र लिहिलं गेलं तेव्हा त्याचं नाव इकडं कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ज्याचं नाव घेऊन मनाई केलेली नाही ते चालतं. याच न्यायानं बटाट्याचे वेफर्स आत आले. चीज कधी येतंय याकडं आमचं लक्ष आहे.

५. पाण्याच्या दिवशी ध्यान करू नका

किंवा नेमकं त्याच दिवशी करा. साधकाच्या उद्दिष्टावर अवलंबून आहे.

उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात, आणि येतं तेव्हा घड्याळ बघून येत नाही. पहाटे नळ खाकरतो. त्या क्षणी घरात दोन माणसं जागी होतात. एक उठून मोटार लावतो, पिंप, घागरी, बादल्या, कुकर, जे दिसेल ते भरतो. दुसरा आसनावर ताठ बसून डोळे मिटतो. हा दुसरा म्हणजे तुम्ही. शेजारचे ओरडून विचारतील, ‘काय करायलाव काका, पाणी आलंय की!’ हूं की चूं करायचं नाही. देहबुद्धी सुटल्याचं हेच लक्षण. तासाभरानं डोळे उघडा, भरलेल्या पाण्यानं स्नान करा आणि संसार कसा क्षणभंगुर आहे ते मोटार लावणारीला समजावून सांगा.

महिला वाचकांनी पत्र लिहून विचारू नये, म्हणून इथंच सांगतो : ही मार्गदर्शिका आपल्यासाठी नाही. बाई दुपारी विरक्त झाली तर रात्रीच्या भाकऱ्यांचं काय, याचं उत्तर आमच्याकडं नाही, आणि ज्या घरांत ते शोधायचा प्रयत्न झाला तिथं पुरुषांची विरक्ती त्याच आठवड्यात उतरली. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांना तर हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळते. हजाराच्या आत उठलं की त्या दिवसाची आसक्ती आपोआप कमी होते, पोथी लागत नाही.

६. सत्संग आणि दान

प्रवचनाला जा. हुतात्मा स्मृती मंदिरात असेल तर मधल्या रांगेत, कूलरच्या टप्प्यात बसा. ऐकताना जे दाटून येतं त्याला जुन्या लोकांनी पुराणवैराग्य असं नाव देऊन ठेवलंय. ते टिकाऊ नसतं. बाहेर आल्यावर चपला जागेवर नसल्या की जातं. म्हणून निघताना जुन्या चपला घाला.

दान गुप्त असावं असं म्हणतात. गुप्त ठेवायचं म्हणजे रक्कम. नाव ठेवायचं नाही. देवळाला पंखा द्या. पंख्याला तीन पाती असतात : एकावर तुमचं नाव, एकावर वडिलांचं स्मरणार्थ, एकावर घराण्याचं गाव. पंखा फिरायला लागला की काहीच वाचता येत नाही, म्हणून बटण बंद कुठं होतं ते पाहून ठेवा.

अक्कलकोटच्या अन्नछत्रात महाप्रसादाला जरूर बसा. तिथं शेजारी कोण बसलंय ते विचारत नाहीत. तुम्ही मात्र सांगा.

७. स्थानिक संतांपासून जपा

हे कलम सगळ्यात महत्त्वाचं. फोटो लावा, हार घाला, पण चरित्रात शिरू नका. या जिल्ह्यातले संत आपल्या कामाचे नाहीत.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत बघा. बिदरच्या बहामनी सुलतानाची चाकरी, हाताखाली सरकारी कोठारं. अशा जागी असलेल्या माणसानं शांतपणे निवृत्तीची वाट बघायची की नाही? दुष्काळ पडला आणि यांनी कोठारं लोकांसाठी उघडली. डोक्यावर मृत्यू आला. विठ्ठल विठू महार होऊन बिदरला जाऊन पैसे भरून आला, अशी कथा आहे. पण कोठाराचं कुलूप काढताना दामाजींना ती कुणी सांगितलेली नव्हती. आपल्याकडं हल्ली लेखापरीक्षण असतं. असलं काही करू नका.

आपले सिद्धराम घ्या. बाराव्या शतकातले योगी, आणि काय केलं? तळं खोदलं. ज्याच्या काठावर आपण संध्याकाळी बसून जगन्मिथ्यात्वाची चर्चा करतो, तेच. गावाच्या भोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. शून्यसंपादनेत कथा आहे की अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे इथंच, आले आणि त्यांनी या तळी खोदणाऱ्याला तोंडावर सुनावलं. एवढं काम करूनही ‘मी केलं’ हे उरलंय, असा त्यांचा रोख. शिष्यांनी दगड उचलले, सिद्धराम मात्र ऐकून पुढं कल्याणला गेले. आपण एक पंखा दिलाय, हे ध्यानात घेता हा प्रसंग न वाचलेला बरा.

शिवाय योगी म्हणून त्यांनी लग्नाला नकार दिला, तर कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तेव्हापासून दर संक्रांतीच्या सुमाराला उंच नंदीध्वज मिरवत, संमती कट्ट्यावर, सगळं गाव बाराबंदी घालून या विरक्ताच्या लग्नाच्या अक्षता टाकतं, आणि पुढं महिनाभर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसतं. आमच्या मते वैराग्याचा याहून आनंदी वापर महाराष्ट्रात दुसरीकडं होत नाही. इथं शिष्यांनी मनसोक्त सूट घ्यावी.

पण सर्वांत धोकादायक म्हणजे अरणचे सावता माळी. माढा तालुका, पंढरपूर हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस मळा सोडून तिकडं गेला नाही, असं परंपरा सांगते. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठ्ठल दिसायचा. म्हणजे आपण चौथ्या कलमात जो कांदा एवढ्या खटपटीनं सोडला, तोच. बाकी सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य चतुर्दशीला, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

तरीही जायचंच असेल, तर पुणे रस्त्यानं मोडनिंबपर्यंत एसटी आहे. जाण्याआधी पाणी कोणत्या दिवशी येणार आहे ते बघा, आणि त्या दिवसाचं रद्द करा.