लॉगचं तोंड बंद करणाऱ्या कारभाऱ्यांना अनावृत पत्र

सर्व्हरचे कारभारी महोदय,

वेबसाइटवर नवं सर्टिफिकेट चढवल्याबद्दल अभिनंदन. त्यानंतर एरर लॉगमध्ये तक्रारींची रांग लागताच आपण लॉगची पातळी 'इन्फो'वरून 'एरर'वर नेलीत, त्याबद्दल तर दुहेरी अभिनंदन. आपला वेब सर्व्हर एन्जिनएक्स जोडणीच्या हँडशेकच्या अशा तक्रारी 'इन्फो' पातळीवरच नोंदवतो, त्यामुळे एक शब्द बदलताच लॉगमधली कुरकुर थांबली. ज्यांची जोडणी तुटत होती त्यांची ती अजूनही तुटतेच आहे. पण तक्रारवही कपाटात ठेवली की तक्रार निवारण झालं, ही आपली जुनी सरकारी परंपरा आपण संगणकातही जपलीत.

कपाट बंद करण्याआधी निदान एक ओळ वाचायची होती: 'अलर्ट अननोन सीए, अलर्ट नंबर ४८'. हे सर्व्हरचं स्वतःचं मत नाही. समोरच्या प्रोग्रामने जोडणी तोडताना दिलेलं कारण सर्व्हरने टिपून ठेवलंय: या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याला मी ओळखत नाही. यावर आपलं म्हणणं, माझ्या ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडते. उघडणारच. सर्व्हरने मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवलं नाही, तर डेस्कटॉपवरचा क्रोम ते सर्टिफिकेटातच दिलेल्या पत्त्यावरून आणतो आणि फायरफॉक्स ओळखीची इंटरमीडिएटं आधीच बाळगून असतो. ओपनएसएसएलवर चालणारा कर्ल किंवा जावातला प्रोग्राम एरवी एवढे उपकार करत नाही. म्हणजे आपला ब्राउझर या खटल्यात साक्षीदार नाही, आरोपीचा वकील आहे.

दुसरा बचाव असा की जुने फोन आहेत, त्यांचं काय मनावर घ्यायचं? या बचावात तथ्य आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टला आधार देणारं 'डीएसटी रूट सीए एक्स३' हे जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं, आणि ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडला लेट्स एन्क्रिप्टचं नवं मूळ माहीतच नाही. तेव्हाही क्रमांक ४८च पडू शकतो. पण म्हणूनच अंदाजावर भागत नाही. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट'ला 'शोसर्ट्स' जोडून बाहेरून विचारा. उत्तरात एकच सर्टिफिकेट आलं, तर दोष फोनचा नाही, आपला: सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉटने एकाच फोल्डरमध्ये ठेवलेल्या फायलींपैकी 'फुलचेन.पेम' सोडून आपण 'सर्ट.पेम'चा रस्ता दिलात. पूर्ण साखळी आली आणि तरीही फक्त जुनी यंत्रं अडली, तर आपण निर्दोष.

राहिला शेवटचा मुद्दा: असल्या ओळी आधीही येत होत्या, बॉट ठोठावतच असतात. खरं आहे. पण बॉटांच्या ओळी बहुधा न जुळणाऱ्या सायफरच्या किंवा जुनाट प्रोटोकॉलच्या असतात. बदलाआधीचा आणि नंतरचा लॉग शेजारी ठेवला की नवी तक्रार कोणती ते कळतं. मात्र त्यासाठी दोन्हीकडे पातळी 'इन्फो' हवी.

सर्टिफिकेट कंपन्या आणि ब्राउझरवाल्यांनी मिळून ठरवलंय की १५ मार्च २०२९ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवस राहील. म्हणजे हा सोहळा वर्षातून किमान आठदा. दरवेळी लॉग गप्प करायचा, की एकदाच फाइलचा रस्ता दुरुस्त करायचा, हा निर्णय अर्थात आपल्या अधिकारातला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॉग वाचणारा एक उपद्रवी