कायम एल

काही बायका वय चोरतात. आमच्या शेजारच्या वहिनी त्यांतल्या नव्हेत. वय विचारलं तर सांगतात. वजनही सांगतात, डॉक्टरांच्या काट्याला नावं ठेवून का होईना. साइज विचारली की मात्र लग्नापासून आजतागायत एकच उत्तर : ‘एल’. हा एल म्हणजे त्यांच्या सातबाऱ्यावरची नोंद. ती कधी आणि कशी चढली ते विचारायचं नाही, आणि खोडायची तर नाहीच. हा नमुना तुमच्याही घरात असेल. कुणाकडे ‘कायम एम’ असेल, एवढाच फरक.

पण अच्छाडला राहून ही निष्ठा सांभाळणं सोपं नाही. मुंबई-अहमदाबाद हायवेवर महाराष्ट्र इथे संपतो. पुढे भिलाड, म्हणजे गुजरात. त्यामुळे आमचा अर्धा बाजार तळासरीला, अर्धा भिलाड-उंबरगाव-वापीला. तळासरीचा एल वहिनींना बेताने बसतो, भिलाडचा खांद्यावरून घसरतो आणि वापीच्या काचेच्या दुकानातला डोक्यातूनच खाली उतरत नाही. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली, पण वाटणीत एल कुणाकडे गेला त्याचा निकाल अजून लागायचाय, असं वहिनींच्या यजमानांचं मत. ते ट्रान्सपोर्टमध्ये. ट्रक काट्यावर चढतो, आकडा येतो, विषय संपतो. बायकांच्या कपड्यांना असा एखादा काटा का नसावा, असं ते एकदा जेवताना बोलून गेले. त्या दिवशी त्यांना ताक मिळालं नाही.

वहिनींबरोबर कुर्ता घ्यायला जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. पडद्याआडून आधी बांगड्यांचा आवाज येतो. मग शांतता. मग ‘अगं, जरा आत ये’. आत एक हात वर, दुसरा बाहीत, कुर्ता मुंढ्यात अडकलेला आणि आतून सूचना : ‘ओढू नकोस, उसवेल. वर नाही, खाली!’ त्यातून सुटका झाली की केस सारखे करून बाहेर येणार आणि दुकानदारासमोर कुर्ता टाकणार. त्यालाही सवय आहे. ‘बेन, आ माल नानो आवे छे. एक्सेल पहेरी जुओ.’

‘माल छोटा असेल तर मोठा एल दाखवा,’ वहिनी म्हणतात.

आणि तो दाखवतो! दुसऱ्या कंपनीचा एल काढतो, तो ढगळ होतो, आणि वहिनी विजयी मुद्रेने त्यालाच दोन टिपा मारून घ्यायचं ठरवतात.

खरं सांगायचं तर वहिनींचं फारसं चुकत नाही. कुर्त्यांच्या धंद्यात साधारण एम म्हणजे 38, एल म्हणजे 40, एक्सेल म्हणजे 42 इंच. पण हे चाळीस इंच बाईचे की कुर्त्याचे? एक कारखानदार छातीचं माप धरतो, दुसरा शिवून झालेल्या कपड्याचं, आणि लेबल दोघंही एकच लावतात. त्यात कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापायचे. पातं जरासं कललं की वरचा एल आणि तळचा एल सख्खे राहत नाहीत. रेयॉन असेल तर पहिल्या धुण्यात आणखी आटतं. मोठ्या कंपन्यांची तऱ्हा वेगळी : माप वाढवायचं आणि आकडा तसाच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक खूश. अमेरिकेत सरकारने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली, त्यावरून 1958 मध्ये प्रमाण ठरवलं आणि 1983 मध्ये तेही मागे घेतलं. आपल्याकडे निफ्टने ‘इंडियासाइज’ म्हणून काम हाती घेतलं : सहा शहरं, 15 ते 65 वयाची पंचवीस हजारांवर माणसं, आणि माप घ्यायला टेप नाही, थ्रीडी स्कॅनर.

हे मी वहिनींना सांगितलं. ‘म्हणजे नुसतं उभं राहायचं आणि मशीन सगळं सांगणार?’ त्यांनी पदर सावरला. ‘तळासरीला नाही ना येणार ते?’

तळासरीच्या बाजारात वारली आजीबाई लुगडं घेतात तेव्हा मी मुद्दाम थांबून बघते. काठ बोटांनी चाचपायचा, घडी उलगडून उजेडात धरायची, भाव पाडायचा, पैसे टेकवायचे. पडदा नाही, आरसा नाही, एल नाही. त्यांच्या नाती मात्र शेजारच्या दुकानात लेगिंगच्या ‘फ्री साइज’वर कंबर मोजत उभ्या.

वहिनींचा खरा आधार म्हणजे तळासरीचे टेलरमास्तर. त्यांच्याकडे वहिनी मापाचा ब्लाऊज देतात, तो त्यांच्या रुखवतातला. ‘अगदी ह्याच मापाचा हवा.’ मास्तर तो टेबलावर पसरतात, आदराने बघतात, घडी घालून बाजूला ठेवतात. मग ‘बाही जरा बघू’ म्हणून टेप काढतात आणि बाहीच्या निमित्ताने छाती, कंबर, मुंढा सगळं उरकून घेतात. आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत. वहीत लिहितात आणि वही उलटी ठेवतात. शिवाय आत दोन बोटं कापड सोडतात, पुढच्या दिवाळीसाठी. ब्लाऊज चपखल बसतो. वहिनी घरी येऊन जाहीर करतात, ‘बघ, रुखवतातलंच माप!’ बड्या कंपन्यांनी जी युक्ती लाखो खर्चून अमलात आणली, ती हा माणूस शिलाईच्या पैशांत फुकट देतो, आणि वर तोंडही बंद ठेवतो.

तयार कपड्यांवर मास्तरांचा इलाज चालत नाही, म्हणून वहिनींनी स्वतःचा शोधला. त्यांच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, जुन्या कुर्त्यांची कापून ठेवलेली एलची लेबलं आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी निमूटपणे डबल एक्सेल घेतला, रात्री ब्लेडने त्याचं लेबल उसवलं आणि तिथे एल टाचला. बारीक टाके, पारख्याच्या नजरेलाही कळू नयेत असे.

भाऊबीजेला वसईहून नणंद आली. कुर्ता बघितला, मानेमागे बोट घालून लेबल वाचलं आणि तोंडाचा चंबू केला. ‘वहिनी, तू अजून एल?’ तिने तिथल्या तिथे मोबाइलवर तोच कुर्ता, तोच रंग, एल मागवला. आठवड्याने तिचा फोन. कुर्ता मुंढ्यातच अडकला होता, नवऱ्याला हाक मारून काढून घ्यावा लागला, असं कसं झालं?

‘वन्सं,’ वहिनी मायेने म्हणाल्या, ‘तुमच्या वसईकडे माल छोटा येतो.’