१८१ दिवसांचा नवरा

वाकोल्यापासून विमानतळ इतका जवळ, की निरोप द्यायला कुणी जातही नाही. रात्री दोनला टॅक्सी येते, पोरं झोपलेली असतात आणि 'हे' बोटीवर निघतात. सकाळी शेजारीण विचारते, "गेले का?" "गेले." झाला निरोप समारंभ.

कोकणी माणसाला यात नवं काही नाही. पूर्वी चाकरमानी मुंबईत, बायको रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि मध्ये मनीऑर्डर घेऊन पोस्टमन. आता बायको मुंबईत आली, तर नवरा समुद्रात सरकला!

सरकारची या संसारावर बारीक नजर आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात काढले की खलाशी 'निवासी' ठरतो आणि परदेशी बोटीवरचा पगारही कराच्या जाळ्यात येतो. १८१ वर थांबला तर 'अनिवासी', बाहेरची कमाई करमुक्त. सिगारेटवर कर ठीक, पण स्वतःच्या घरी राहण्यावर? मार्चमध्ये सीएचा फोन येतो, "साहेब, किती दिवस झाले?" इतक्या आस्थेनं सासूबाईही विचारत नाहीत.

सलग किती दिवस बोटीवर ठेवायचं, याचाही आंतरराष्ट्रीय करार आहे. बारा महिन्यांच्या आत सोडायचं. २०१५ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. पण २०२० च्या कोरोनात बदलीचे खलाशीच पोचेनात आणि करार संपलेले जगभरचे सुमारे चार लाख खलाशी बोटीवरच अडकले. कागदाला काय, कागद घरीच होता.

आणि माणूस घरी येतो तेव्हा? बाबा म्हणतात, "जा रे, खेळ जा." पोरगं "बरं" म्हणतं आणि आत जाऊन आईला विचारतं. छताची गळती, शाळेची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन हे सगळं तिनं एकटीनं निस्तरलेलं. आता 'हे' ओट्यावरच्या डब्यांच्या जागा बदलतात. पंधरा दिवसांत दोघंही मनातल्या मनात पुढच्या जॉइनिंगची तारीख मोजू लागतात. बोलत कुणीच नाही, कारण फ्लॅटचा हप्ता त्याच तारखेवर उभा आहे.

वर नातेवाईक बायका म्हणतात, "तुझं बरंय बाई, डॉलरमध्ये पगार!" त्यांचे 'हे' रोज साडेसातला घरी येतात आणि जेवणापर्यंत मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. घरात असून नसणाऱ्यांसाठी करमाफी अजून निघालेली नाही, एवढंच त्यांचं दुःख.