पोरांना घरचं जेवण नकोसं करण्याची कृती

साहित्य: तेरा ते अठरा वर्षांचं एक पोर (दोन असल्यास उत्तम, त्यांतली एक मुलगी असल्यास अधिकच), आई, बाबा, मिळाल्यास आजी, माणशी एक मोबाइल आणि अर्धा किलो दुधी. दुधी नसल्यास पडवळ, घोसाळं, शेपू, काहीही चालेल. या कृतीत भाजीला फारसं महत्त्व नाही, आणि पुष्कळ पालक नेमके इथेच फसतात. पोरानं दुधी टाकला की दुधीचे पराठे करतात, बीट टाकलं की त्याची टिक्की करून वर सॉस ओततात. एवढ्या उठाठेवीची गरजच नाही. भाजी नकोशी करायची तर ती चांगली झालेली असली तरी बिघडत नाही. ताटाभोवती काय बोललं जातं तेवढं सांभाळावं.

पोर पानावर बसलं की पहिला घास तोंडात जायच्या आत सुरुवात करावी. ‘प्रिलिमचे पेपर मिळाले म्हणे’ हा विषय आमटीबरोबर चांगला लागतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाचे मार्क भातापर्यंत राखून ठेवावेत. ताकाच्या आतच पोर ‘झालं माझं’ म्हणत उठतं. तेव्हा ‘पानात टाकायचं नाही, संपवून ऊठ’ हे वाक्य म्हणावं, निदान तीनदा. त्याला शास्त्राचाही आधार आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लहान मुलांना सूप पिताना ‘सूप संपवा’ असं पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. मुलं सूप कमी प्यायली आणि वर त्याला नावंही जास्त ठेवली. ती तर बालवाडीच्या वयाची होती. तुमच्या घरात मिसरूड फुटलेला आहे. यश मोठं येईल.

बाबांचं काम सोपं आहे, त्यांनी फारसं बोलायचंही नाही. भाजीचं भांडं जवळ आलं की हात आडवा धरून ‘मला नको’ म्हणायचं आणि लोणच्याची बरणी ओढायची. मग मुलाकडे वळून, ‘तू मात्र घे, तुझं वय आहे.’ आईच्या वीस व्याख्यानांनी होत नाही ते या एका हातानं होतं.

वेळेचंही नियोजन हवं. क्लास सहा ते नऊ असा निवडावा, म्हणजे भुकेची वेळ घराबाहेर जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत फार तेलकट, गोड, खारट पदार्थ विकायला बंदी घातली. पण क्लासच्या जिन्याखाली वडापावची गाडी खुशाल उभी असते, आणि घरातल्या फ्रीजला तर कोणी फाटक मानत नाही. साडेनऊला पोर येतं तोवर ताट झाकून ठेवलेलं असावं. बाबा बातम्या बघत जेवून घेतील, आई उद्याचे डबे भरताना उभ्या उभ्या. पोर एकटं मोबाइल टेकवून जेवेल. एकत्र बसणं मात्र कटाक्षानं टाळावं. मिनेसोटात डायान न्यूमार्क-स्टेनर यांच्या गटानं शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा घरच्यांबरोबर जास्त वेळा जेवणारी मुलं फळं-भाज्या जास्त खाताना आणि शीतपेयं कमी पिताना आढळली. असा धोका कशाला पत्करायचा?

आता मुलगी. हिची कृती थोडी वेगळी आहे आणि तिला पिढ्यांचा सराव लागतो. आजी असली तर तिला विचारावं. अंडं एकच उरलं असेल तर ते दादाला, कारण तो वाढत्या वयाचा आहे. मुलगी वाढत्या वयाची नसते, ती नुसती वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या प्रमाणांनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला २६ मिलिग्रॅम लोह हवं आणि मुलीला ३२, कारण दर महिन्याला पाळीत जाणारं रक्त भरून निघावं लागतं. हा तक्ता ओट्याजवळ चुकूनही चिकटवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. कारणं अनेक आहेत, तेव्हा सगळं श्रेय तुम्ही एकट्यानं लाटू नये. पण खारीचा वाटा आहेच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरातून तशीच घरी आली तर चौकशी करू नका. मेथीची भाजी झालीच, तर पाठोपाठ कपभर चहा द्या. लोह अंगी लागू न देण्यात चहा वाकबगार आहे. लिंबाची फोड वाढू नका, ती उलट काम करते.

लग्नाकार्यात एखादी मावशी ‘केवढी सुटलीस गं!’ म्हणेल. तिथे सगळ्यांनी हसावं. महिन्याभरात मुलगी गुरुवार धरेल, पुढे सोमवारही. घरात ‘देवाचं बघते हो अगदी’ असं कौतुक होईल. ती साबुदाण्यालाही हात लावत नाही आणि रात्री उपास सोडताना अर्धीच पोळी खाते, याकडे लक्ष गेलंच तर दुसरीकडे बघावं. (हे लिहिताना माझा विनोद जरा आटतो, पण कृती पुरी करायला हवी.)

बक्षीस आणि शिक्षा यांची फोडणी शेवटी घालावी. मार्क चांगले पडले की पिझ्झा, कमी पडले की ‘आजपासून बाहेरचं बंद, घरचंच खायचं’. दोन-तीन परीक्षांत घरचं जेवण ही शिक्षा आहे, हे पोराच्या डोक्यात पक्कं बसतं.

कृती सहसा बिघडत नाही. एक धोका मात्र सांगून ठेवतो. एखाद्या रविवारी पोर स्वतःहून स्वयंपाकघरात शिरतं, ‘आई, पोहे मी करू?’ म्हणतं आणि कांदा घेऊन बसतं. स्वतः केलेले पोहे ते दोनदा मागून घेतं, त्यातल्या मटारासकट. तेव्हा वेळीच सावध व्हावं. आधी ओट्यावरच्या पसाऱ्याबद्दल बोलावं. मग, मुलगा असल्यास, ‘तुला काय करायचंय बायकांच्या कामात, अभ्यासाला बस’ म्हणावं. मुलगी असल्यास, ‘सासरी असा कांदा चिरलास तर?’ एवढं पुरे. तरीही विळी सोडत नसेल, तर बाबांनी आतून ओरडून मीठ बेतानं घालायला सांगावं.